मित्रदेशाची क्रियापदं

बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडणार हे ओळखून हेमांगी दातीरने स्वतःची चाकांची खुर्ची ढकलतच आत नेली. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजले होते, आणि 'उदयवेध' या नाशिकच्या दैनिकात सहा आठवडे जिची वाट पाहणं चाललं होतं ती गोष्ट आज उघड होणार होती. मुद्रितशोधकापासून जाहिरातवाल्यांपर्यंत सगळ्यांनी पैजा लावल्या होत्या. एका बाजूला 'मालक', दुसऱ्या बाजूला 'दिल्ली'. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यांना मिसळ खाऊ घालायची. हेमांगीने 'दिल्ली'वर बोट ठेवलं होतं.

पैज होती काल्वेरावरून.

काल्वेरा हा डोंगराळ, छोटा देश. बारा वर्षांपूर्वी आपल्या सरकारने त्याच्याशी मैत्रीचा करार केला, कारण आपल्या रस्त्यांवरच्या निम्म्याअधिक गाड्यांच्या बॅटऱ्या त्याच्या डोंगरातल्या खनिजावर चालत होत्या. तेव्हापासून काल्वेराबद्दल वर्तमानपत्रांत वाईट असं काही छापून येईना. सगळ्यांनाच ते जाणवायचं, पण बोट कशावर ठेवायचं ते कळत नव्हतं. खोटं कुणी लिहीत नव्हतं. दडपलंही जात नव्हतं. तरी काल्वेराची बातमी वाचली की एखाद्या ओळखीच्या घरी जाऊन चहा पिऊन आल्यासारखं वाटायचं.

'उदयवेध'मध्ये परराष्ट्र पान म्हणजे एकटी हेमांगी. वृत्तसंस्थांकडून इंग्रजीत येणाऱ्या शेकडो बातम्यांतून निवडायचं, मराठीत आणायचं, मथळा द्यायचा. अकरा वर्षं ती हे करत होती. वय सत्तेचाळीस, चष्मा डोक्यावर, आणि क्रियापद शेवटी नीट बसलं नाही तर जेवण न जाणारी बाई, असं संपादक निफाडकर तिच्याबद्दल सांगत. हे निफाडकर सर तिचे गुरूच. तिला पहिली बातमी त्यांनीच चार वेळा लिहायला लावली होती.

हे सगळं कुणामुळे होतं ते सहा आठवडे यंत्राने तपासणाऱ्या डॉक्टर नाझनीन मुजावर दारातून आत आल्या. पुण्याहून पहाटेच निघाल्या असाव्यात. भाषाशास्त्र आणि संख्याशास्त्र दोन्हीत शिकलेल्या, पस्तिशीच्या आतबाहेर, बोलण्यात कोल्हापूरचा ठसका. त्यांनी भिंतीवरचा पडदा सुरू केला आणि थेट मुद्द्याला हात घातला.

"यंत्राचं नाव आम्ही ओळंबा ठेवलंय. गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो. भिंत वाकडी आहे का, हे भिंतीकडे बघून कळत नाही. तुम्ही रोज त्याच घरात राहत असाल तर मुळीच कळत नाही. म्हणून भिंतीशी संबंध नसलेली एक सरळ रेघ लागते."

ती सरळ रेघ त्यांनी कशी काढली, ते त्यांनी समजावून सांगितलं. जगात कुठेही काही मोठं घडलं की शब्दांच्या आधी आकडे हलतात. उपग्रहाच्या चित्रात धूर दिसतो, भूकंपमापकाची सुई थरथरते, रुग्णालयातल्या खाटा भरतात, मालगाड्या थांबतात. हे आकडे कुणाचे मित्र नसतात. ओळंबा गेल्या वीस वर्षांतल्या अशा आकड्यांवरून घटनांच्या जोड्या लावायचा: दोन देश वेगळे, घटना मात्र जुळी. तितकेच मृत्यू, तसाच संप, तसाच स्फोट. मग त्या जोडीतल्या दोन बातम्या शेजारी ठेवायच्या. अंतर, सणाचे दिवस, तिथे आपली माणसं किती राहतात, त्या दिवशी पानावर जागा किती होती, हे सगळं हिशेबातून वजा करायचं. एवढं करूनही शब्दांत जो फरक उरतो, तो कल.

"उदाहरण दाखवते," नाझनीन म्हणाल्या.

पडद्यावर दोन मथळे आले. तुर्वाक हा काल्वेराचा शेजारी देश. त्याच्याशी आपलं फारसं सख्य नव्हतं. तिथला मथळा होता: 'पोलिसांचा निदर्शकांवर गोळीबार; नऊ ठार'. काल्वेराचा होता: 'निदर्शनांदरम्यान चकमक, नऊ जणांचा मृत्यू'.

"दोन्हीकडे खाणकामगार. दोन्हीकडे गोळ्या पोलिसांच्या. पहिल्या वाक्यात मारणारा आहे. दुसऱ्यात माणसं आपली आपण मेलीत."

हेमांगी पुढे सरकून बसली. तिला रहस्य उलगडताना येते तशी झिंग चढली होती. हे तिचंच क्षेत्र होतं. कर्ता कुठे गेला, क्रियापदाने कुणाला पाठीशी घातलं, हे कुणीतरी मोजलं होतं. "आणि कल येतो कुठून?" तिने विचारलं. "मालक की दिल्ली?"

नाझनीननी पडद्यावर पुढचा तक्ता आणला. "बातमीचे सगळे खर्डे तुमच्या संगणकात साठलेले आहेत. वृत्तसंस्थेकडून येते तेव्हा काल्वेराच्या बातमीला तीन अंशांचा कल असतो; तुमच्या पानावर छापून येते तेव्हा सात. संपादकांनी हात लावला तर काहीच वाढत नाही. मालकांनी गेल्या अकरा वर्षांत या पानाला हातच लावलेला नाही. दिल्लीहून आलेला एकही निरोप नोंदीत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "उरलेले चार अंश मराठी करताना येतात. हेमांगीताई, ते तुमच्याकडून येतात."

कुणीतरी खुर्ची सरकवली. निफाडकर सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मला कुणी कधी फोनसुद्धा केला नाही," हेमांगी म्हणाली.

"हो. करावा लागलाच नाही," नाझनीन म्हणाल्या.

रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं ते दुसरंच काहीतरी. तिच्या डोक्यात ते दोन मथळे शेजारी उभे राहिले, आणि त्या दोन्ही दिवसांची आपली बोटं तिला आठवली. 'गोळीबार' टंकताना बोटं सरसर गेली होती. 'चकमक' लिहिताना तिने स्वतःला संयमी समजलं होतं, जबाबदार समजलं होतं. संयम तिने एकाच देशासाठी राखून ठेवला होता आणि तिला पत्ता नव्हता.

"अजून काय काय करतं तुमचं यंत्र?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच चढा वाटला.

"उलटंही चालतं. भिंत किती कलली आहे हे एकदा कळलं की कललेल्या बातमीवरून सरळ बातमी कशी असती, याचा अंदाज बांधता येतो. त्यात आजचे आकडे मिसळायचे. जुन्या, निकाल माहीत असलेल्या बातम्यांवर आम्ही तपासलंय. दहातून आठ वेळा बरोबर येतं."

"आणि दोनदा?" निफाडकर सरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दोनदा चुकतं, सर."

"आजचीच घालून बघू या," हेमांगी म्हणाली. "सकाळी नऊ वाजता मीच संकेतस्थळावर टाकली आहे. चार ओळींची आहे."

बातमी अशी होती: 'काल्वेरातील इल्मारा खनिज प्रकल्प नियमित देखभालीसाठी तात्पुरता बंद ठेवण्यात आला आहे. कामगारांना सुरक्षित ठिकाणी हलवण्यात आले असून, काम लवकरच पूर्ववत होईल, असे सरकारी सूत्रांनी सांगितले.' नाझनीननी ती यंत्रात टाकली. यंत्राने अर्धं मिनिट घेतलं. इल्माराच्या मालगाड्या सोमवारपासून उभ्या होत्या. वाहतुकीच्या नकाशावर खोऱ्याचे दोन्ही रस्ते बंद दिसत होते. जिल्ह्याच्या रुग्णालयाने साठ खाटा रिकाम्या करून ठेवल्या होत्या. याच्याशी जुळणारी घटना यंत्राने काढली पाच वर्षांपूर्वीची, तुर्वाकमधली. तिथे खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटून एक गाव चिखलाखाली गेलं होतं. ती बातमी हेमांगीनेच लिहिली होती, त्वेषाने, पहिल्या पानावर.

पडद्यावर सरळ केलेली बातमी उमटली: 'इल्मारा प्रकल्पातील गाळाच्या बांधाला तडे, सरकारने खोऱ्याचे रस्ते बंद केले, वस्तीला सूचना नाही.'

हेमांगी उठून उभी राहिली. इल्मारात सहाशे चाळीस मराठी कामगार होते, सिन्नर, चांदवड, मनमाडकडचे. त्यांत तिचा सख्खा धाकटा भाऊ जयवंत होता.

*

जयवंत इल्मारात पंपांची देखरेख करायचा. तिथे तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. त्याने तिसऱ्या घंटीला फोन उचलला आणि मागून पत्ते पिसल्याचा आवाज आला.

"बोल ताई. चार दिवस सुट्टी लागलीय आम्हाला."

"जयू, तुम्हाला हलवलंय कुठे?"

"नदीकाठच्या जुन्या वसाहतीत. आमच्या खोल्यांत लष्कराची माणसं उतरलीत, काहीतरी दुरुस्ती आहे. इथे बरंय, पाणी जवळ आहे."

"बांधाच्या खाली?"

"खालीच की. दोन-अडीच किलोमीटर असेल." तो थबकला. "काय झालं? आमच्यातले काही जण काल घाबरले होते. लष्कर कशाला आलं म्हणून. सकाळी तुझी बातमी आली ना, नियमित देखभाल म्हणून, ती मीच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. म्हटलं, माझ्या बहिणीने लिहिलंय. मग झोपली बिचारी."

सहाशे चाळीस माणसं तिच्या चार ओळींच्या भरवशावर बांधाच्या तोंडाशी पत्ते खेळत होती.

तिने स्वतःला सावरलं. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात मुकादम होते. मातीच्या धरणावर राखण करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि दोन्ही पोरांना त्यांनी एक गोष्ट शिकवली होती. प्रत्येक मातीचा बांध पाझरतो. पाझरलेलं पाणी नितळ असेल तर भिऊ नये. गढूळ झालं तर समजावं की पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन चाललंय. मग थांबू नये.

"जयू, पायथ्याच्या चरापर्यंत जाता येईल तुला?"

"पहारा आहे. पण मागच्या बाजूने शेळ्यांची वाट आहे, तिथून चर दिसतो."

"जा. पाणी कोणत्या रंगाचं आहे ते बघ. फक्त बघून ये. बाटलीत थोडं घेता आलं तर घे."

पलीकडे पत्त्यांचा आवाज थांबला होता. प्रश्नाचा अर्थ त्याला दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही. "निघतो," एवढंच तो म्हणाला.

पुढचा दीड तास हेमांगीच्या आयुष्यातला सगळ्यात वेगवान दीड तास असावा. नाझनीननी आपला संगणक तिच्याच टेबलावर मांडला. जमिनीवर रडारचे किरण सोडणारे उपग्रह दर काही दिवसांनी त्याच जागेवरून जातात, आणि दोन फेऱ्यांच्या नोंदी एकमेकींतून वजा केल्या की जमीन बोटभर हलली तरी कळतं. त्या नोंदी जगाला खुल्या असतात, फक्त कुणी बघत नाही. नाझनीननी पुण्यातल्या एका भूगर्भशास्त्रज्ञ मैत्रिणीला कामाला लावलं. हेमांगीने काल्वेराच्या सरकारी संकेतस्थळावरचे रस्ताबंदीचे आदेश शोधून काढले. आदेशांवर रविवारची तारीख होती; म्हणजे 'देखभाल' जाहीर होण्याच्या दोन दिवस आधीची. इल्माराच्या जिल्हा रुग्णालयात तिने फोन लावला, मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, आणि एका परिचारिकेने खाटा रिकाम्या केल्याचं सांगून घाईघाईने फोन ठेवला. हेमांगीच्या लक्षात आलं की अकरा वर्षांत काल्वेराच्या एखाद्या नागरिकाशी ती आज पहिल्यांदाच बोलली होती.

पुण्याहून चित्र आलं. बांधाचा मधला भाग लाल रंगात होता. बारा दिवसांत अकरा सेंटिमीटर पुढे सरकला होता.

आणि मग जयवंतचा फोन. तो धापा टाकत होता.

"ताई, चहासारखं आहे. दुधाच्या चहासारखं. आणि चराच्या कडेला बारीक रेतीची वारुळं झालीत, त्यांच्या तोंडातून पाणी उसळतंय. फोटो पाठवलेत."

*

निफाडकर सरांनी दार लावून घेतलं. त्यांच्या टेबलावर चार पानी पुरवणीचे छापील नमुने पसरलेले होते: 'मैत्रीपर्व'. काल्वेराचे राष्ट्राध्यक्ष शुक्रवारी दिल्लीत येणार होते. पुरवणीतला मुख्य लेख हेमांगीचा होता.

"यंत्राचा अंदाज म्हणजे बातमी नव्हे, बाई."

"यंत्राचं नावसुद्धा घालणार नाही, सर. त्याने मला फक्त कुठे बघायचं ते सांगितलं. बघितलं माणसाने. गढूळ पाण्याचे फोटो आहेत. उपग्रहाचं मोजमाप आहे. रस्ताबंदीचा सरकारी आदेश आहे."

"बघणारा तुमचा भाऊ आहे."

"तेही बातमीत लिहीन."

निफाडकरांनी फोटो पुन्हा एकदा मोठा करून पाहिला. "समजा उद्या काही झालं नाही. बांध सावरला त्यांनी. मग आपण एका मित्रदेशात घबराट पसरवली असं म्हणतील. परवा त्यांचा पाहुणा येतोय. तुम्हाला ठाऊक आहे काय होईल."

"ठाऊक आहे. सर, ही तुर्वाकची बातमी असती तर तुम्ही किती वेळ घेतला असता?"

प्रश्न कठोर होता आणि तिने तो हळू आवाजात विचारला. निफाडकरांनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षांच्या नोकरीत ते कुणाला घाबरले नव्हते, निदान त्यांचा स्वतःबद्दल तसा समज होता.

"तुम्हाला पाच मिनिटंसुद्धा थांबवलं नसतं," शेवटी ते म्हणाले. "लिहा. काल्वेराच्या दूतावासाला विचारा, ते काय म्हणतात तेही घाला. आणि सकाळच्या चार ओळींचं काय?"

"त्या चुकीच्या होत्या, हे पहिल्याच परिच्छेदात. माझ्या नावासकट."

ती लिहायला बसली. बोटं अडत होती. 'तडे गेल्याचे समजते' असं तिने लिहिलं आणि खोडलं. कुणाला समजतं? 'पाणी गढूळ असल्याचे आढळले.' कुणाला आढळलं? प्रत्येक वाक्यात ती जुनी पळवाट उभी होती आणि प्रत्येक वेळी तिला कर्त्याला मान धरून आणावं लागत होतं. दुपारी सव्वातीनला बातमी गेली:

'इल्मारा येथील गाळाचा बांध बारा दिवसांत अकरा सेंटिमीटर सरकला आहे. सरकारने रविवारी खोऱ्याचे रस्ते बंद केले, पण खालच्या वस्तीला कळवले नाही. बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपत असल्याचे तेथील तंत्रज्ञ जयवंत दातीर यांनी आज सकाळी पाहिले. ते प्रस्तुत बातमीदाराचे बंधू आहेत. हा प्रकल्प देखभालीसाठी बंद असल्याची बातमी मी आज सकाळी दिली होती. ती मी तपासली नव्हती. — हेमांगी दातीर.'

जयवंतने हीही बातमी मोठ्याने वाचून दाखवली. या वेळी लोक झोपले नाहीत. सहाशे चाळीस जण बोचकी घेऊन शेळ्यांच्या वाटेने डोंगर चढू लागले. जयवंतला आणि आणखी काहींना तिथली भाषा येत होती. ते खालच्या दोन खेड्यांत घरोघर गेले. म्हातारी माणसं पाठुंगळी घेतली. सगळे आले नाहीत. पहाऱ्यावरचे शिपाई आधी अडवायला धावले, मग त्यांनीही वर पाहिलं, एकमेकांशी कुजबुजले, आणि वाट सोडून दिली.

इकडे चार वाजता हेमांगीचा फोन वाजला. अकरा वर्षांतला पहिला. दिल्लीतल्या मंत्रालयातले कुणी अधिकारी होते, बोलणं अतिशय मऊ.

"मॅडम, आपला मित्रदेश आहे. शब्द जरा जपून वापरले तर बरं."

"कोणता शब्द चुकीचा आहे ते सांगा साहेब. आत्ता बदलते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. त्यांच्यासमोर बातमी असावी, आणि ते खरोखर शब्द शोधत असावेत. "तसं नाही," ते म्हणाले, "एकंदर सूर." सूर बदलायचा कसा ते मला कळत नाही, असं हेमांगीने खरं तेच सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला हसू येतंय.

संध्याकाळ झाली. बांध उभाच होता. दूतावासाने 'निराधार अफवा' म्हणून पत्रक काढलं, आणि वृत्तवाहिन्यांनी ते दिवसभर नाही तेवढं ठळक दाखवलं. काही वाचकांनी फोन करून हेमांगीला देशद्रोही म्हटलं. एकाने तर आठ वर्षं घेत असलेला अंक बंद केला. जयवंत मात्र वेगळंच सांगत होता: डोंगरावर थंडी आहे, लोक कुरकुरताहेत, खेड्यातल्या काही बायका पहाटे धारा काढायला खाली जायचं म्हणताहेत.

"अडव त्यांना," हेमांगी म्हणाली.

"कुणाकुणाला अडवू ताई? त्यांची गुरं आहेत."

*

बांध गुरुवारी सकाळी फुटला. तिथे साडेसात वाजले होते. जयवंतने डोंगरावरून फोन लावला आणि तो नुसता खोऱ्याच्या दिशेने धरला. हेमांगी आपल्या टेबलाशी उभी राहून ऐकत होती. आधी एक लांबलचक, जाड आवाज, ट्रकमधून खडी ओतल्यासारखा. मग शेकडो माणसांचा एकत्र श्वास. खोऱ्यातलं पात्र करड्या चिखलाने सहा मिनिटांत भरलं. जुन्या वसाहतीची कौलं क्षणभर वर दिसली आणि गेली.

सहाशे चाळीस जण वाचले. दोन खेड्यांतले नऊशेच्या वर वाचले. पहाटे धारा काढायला उतरलेली आणि मुळातच वर न आलेली मिळून सत्तावीस माणसं गेली.

शुक्रवारी राष्ट्राध्यक्ष दिल्लीत आले. पुरवणी निघाली नाही. निफाडकर सरांनी तिचे नमुने स्वतःच उचलून कपाटात ठेवले आणि त्या जागी इल्माराची चार पानं लावली. कार्यालयातल्या पैजेत कुणीच जिंकलं नव्हतं, तरी सगळे मिळून मिसळ खायला गेले. मिसळ खाताना कुणीतरी सकाळचा अंक पुढे सरकवला आणि हेमांगीने नाझनीनना सहज विचारलं, "बांध फुटल्याची बातमी काल मी लिहिली, तिचा कल किती आला?"

"उणे दोन अंश."

"म्हणजे?"

"म्हणजे विरुद्ध बाजूला. 'निर्दयी' आणि 'लपवाछपवी' हे दोन शब्द. तुर्वाकलासुद्धा तुम्ही कधी निर्दयी म्हटलं नव्हतं." नाझनीननी पावाचा तुकडा मोडला. "राग आला होता तुम्हाला. येणारच. पण ओळंब्याला ते कळत नाही."

हेमांगीला आधी चीड आली. मग तिने विचार केला. निर्दयी कोण? रस्ते बंद करणारा अधिकारी, पत्रक काढणारा कारकून, की खाट रिकामी करून वाट बघणारी ती परिचारिका? तिला त्यांच्यातलं कुणीच माहीत नव्हतं. काल्वेरावर आधी तिने माया केली ती न बघता, आणि आता रागावली तीही न बघता.

संध्याकाळी जयवंतचा फोन आला. त्याला तंबूत जागा मिळाली होती. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, एक विचारू? तुझं वाचून आम्ही थांबलो. तुझंच वाचून निघालो. पुढच्या वेळी तुझं वाचलं तर काय करायचं?"

तो चिडून बोलत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. लहानपणी गणित अडलं की तो याच सुरात विचारायचा. हेमांगीला काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, पण तिने तसं केलं नाही.

"मला अजून माहीत नाही, जयू," ती म्हणाली. "मी तिकडे येते."

*

व्हिसा मिळेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो नवव्या दिवशी मिळाला. मित्रदेशाच्या पत्रकाराला नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. 'उदयवेध'ने आजवर काल्वेराच्या तेराशे बातम्या छापल्या होत्या आणि एकाही बातमीदाराला तिथे पाठवलं नव्हतं. निफाडकर सर तिला विमानतळापर्यंत सोडायला आले. उतरताना ते म्हणाले, "पहिली बातमी चार वेळा लिहा."

विमान ढगांच्या वर गेलं तेव्हा हेमांगी तिसऱ्यांदा वही आणि पेन तपासून पाहत होती. पंचविशीतल्या नव्या बातमीदारासारखी. दिल्लीला बदललेलं विमान, मग एक छोटं विमान, मग सात तासांची जीप. वळणावळणांवर डोंगर उघडत होते, तांबडे, मध्येच मोरचुदासारख्या निळ्या पट्ट्यांचे, आणि ती खिडकीला नाक लावून पाहत होती. तेराशे बातम्यांत या डोंगरांचा रंग तिने एकदाही लिहिला नव्हता.

जयवंत तंबूंच्या वस्तीपाशी उभा होता. वाळला होता, दाढी वाढली होती. त्याने ताईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला सरळ शेवटच्या तंबूकडे नेलं. तिथे सत्तरीची एक बाई जमिनीवर बसून लोकर निवडत होती. तिचं नाव ओरेला तामिश. तिची सून त्या पहाटे धारा काढायला खाली गेली होती.

जयवंतने तिच्या भाषेत ओळख करून दिली. बाईने मान वर केली, हेमांगीला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि काहीतरी विचारलं.

"विचारतेय, कोणत्या देशाची," जयवंत म्हणाला.

"भारत, म्हणून सांग."

लोकरीतला काटा काढून बाईने बाजूला टाकला. मग हळूहळू चारपाच वाक्यं बोलली, आणि जयवंत एकेक करून ती मराठीत आणत गेला, कुठेही कमी न करता, कुठेही न वाढवता.

"म्हणतेय, भारताची माणसं आमचे मित्र आहेत, असं आमच्या इथल्या बातम्यांत रोज येतं. तिथे काय चाललंय ते मात्र कधी येत नाही. तू मित्र असशील तर खाली बस. माझी सून कोण होती इथपासून मी सांगणार आहे. वेळ लागेल."

हेमांगीने चपला काढल्या, वही उघडली, आणि त्या थंड जमिनीवर मांडी घालून बसली.